पाणी पुरेसे

आसरखेड, ता. मूर्तिजापूर
९ फेब्रुवारी २०२४

चि. नीलम हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अकोल्याचा पत्ता संघपालकडून घेतला. तो द्यायला तयार नव्हता. "बाई, माह्या बहिणीनं तुमचा फोन घेणंच बंद केलं, तं पत्र कायले पाठवता?" असं रस्त्यातच म्हणाला. शेवटी माझ्याच वहीत लिहून दिला. त्याचं अक्षर चौथीत होतं तसंच आहे, रेघेखाली उतरणारं.

कामाचं लिहिते. रंगाईच्या शेडवर तीनशे ओढण्यांचं काम आलं आहे, विटकरी रंगाचं. जूनअखेर द्यायच्या आहेत. घेणाऱ्यांकडे तू दोन वर्षांपूर्वी रंगवलेला नमुना आहे आणि त्याच्याशी रंग जुळायला हवा. आमचा जुळत नाही. तुझ्या वहीत आहे तसंच सगळं करतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतो, मग तुरटीच्या, मग कांद्याच्या सालींच्या काढ्यात तासभर मंद आचेवर ठेवतो. ढवळायची काठीसुद्धा तीच आहे. तरी रंग येतो तो पिवळट, धुरकट. गटातली आशाबाई म्हणते, "बाई, ह्या रंगाची ओढणी घेतली तं लोक समजतीन, धुतलीच नाई."

शेड तूच उभी केलीस, हे मी कुठेही नाकारलेलं नाही. अमरावतीला कापडरंगाईचं शिकून तू गावी परत आलीस आणि बचत गटाच्या बायांना सांगितलंस की मूर्तिजापूरच्या बाजारात झाडून फेकतात त्या कांद्याच्या साली, स्टेशनाजवळच्या ज्यूसवाल्याची डाळिंबाची टरफलं, दसऱ्यानंतरचा शिळा झेंडू, या सगळ्यात रंग आहे. तेव्हा गाव हसलं होतं. मी हसले नाही. माझ्या नावाने गटाची नोंदणी केली आणि निवृत्त शिक्षिका आहे म्हणून लोकांनी ऐकलंही. तुझ्या आईच्या, इंदूबाईंच्या विनोदाने तर बाया कामाला लागल्या. सालींचं पोतं डोक्यावरून उतरवताना त्या म्हणाल्या होत्या, "कांदा लोकायचा, रडणंबी लोकायचं. आपल्याले फक्त साल पायजे."

ऑगस्टमध्ये जे झालं त्याचा तुझ्या मनात राग असेल. माझ्या मनात नाही. ते मी शेडच्या भल्यासाठी बोलले. त्यात वैयक्तिक काही नव्हतं. वहीत न लिहिलेलं काही तू वापरत असशील तर आता तरी मोकळेपणाने कळव. मी कोणाला सांगणार नाही.

इंदूबाईंची तब्येत कशी आहे? किडनीच्या दुखण्यात पथ्य फार सांभाळावं लागतं. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
वच्छलाबाई


२७ फेब्रुवारी २०२४

चि. नीलम,

तुझं उत्तर आलं नाही. या पत्राचंही यावं अशी अपेक्षा नाही, पण हे पत्र मात्र तू वाच.

गेल्या आठवड्यात नळयोजनेची मोटर जळाली. आठ दिवस गावाला पाणी नव्हतं. शेडवर काम अडलं म्हणून खुशालरावांच्या शेतातल्या बोअरचं पाणी बैलगाडीत ड्रम टाकून आणलं. पाणी नेहमीचं, आपल्या सगळ्या पट्ट्यातलं, मचूळ आणि खारं. साबणाला फेस येत नाही असं. त्या पाण्यात आम्ही पाच ओढण्या टाकल्या. मी खुर्चीवर हजेरी लिहीत बसले होते. आशाबाईने काठीवर पहिली ओढणी उचलली आणि नुसती धरून राहिली. मग ती म्हणाली, "वो बाई, हे तं नीलमचं आलं."

विटकरी रंग आला होता, हुबेहूब तुझ्या नमुन्याचा.

मी तुझी वही उघडली. हिरडा किती, तुरटी किती, साली किती, कापडाचं वजन किती, सगळं ग्रॅममध्ये लिहिलं आहेस. आणि शेवटी, "पाणी: पुरेसे." चौथीच्या विज्ञानाच्या वहीत तुम्हाला असंच लिहायला मी शिकवलं होतं. साहित्य: काचेचे भांडे, मीठ, चमचा, पाणी पुरेसे. पाण्याला कसलं माप आणि कसली जात, असं मला वाटायचं. आणि शेडची विहीर तेव्हा खारीच असल्याने तुलाही ते लिहावंसं वाटलं नसणार.

आता मागचं जुळतं. गेल्या मेमध्ये तू आईला घेऊन अकोल्याला दवाखान्यात गेलीस. जूनमध्ये शेडला नळ आला. धरणाचं गोडं पाणी. मीच खटपट करून ते जोडून घेतलं आणि त्याच दिवशी विहिरीवर लोखंडी झाकण टाकून घेतलं, लहान पोरं वाकून बघतात म्हणून. जुलैपासून आमचा रंग बिघडला. तू परत आलीस, आईजवळ राहायला हवं म्हणून दहा ओढण्या घरी नेऊन चुलीवर रंगवल्यास आणि त्या दहाच्या दहा विटकरी आल्या. आमच्या पिवळ्या आणि तुझ्या विटकरी. मी सगळ्या बायांसमोर तुला विचारलं, "नीलम, कोणती पुडी टाकतेस?"

तुझ्या घरी हापशीचं पाणी होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अमरावतीच्या संस्थेला मी जे पत्र लिहिलं ते तुला ठाऊक आहे. तिथे तुझी प्रशिक्षिकेच्या जागेवर निवड झाली होती, माझ्याच शिफारशीने. "रंगात बाजारी रसायनाची भेसळ असल्याचा संशय आहे," असं मी कळवलं आणि त्यांनी तुझी नेमणूक थांबवली. चूक माझी होती. मी आजच संस्थेला लिहून तक्रार मागे घेते आहे.

तुझी,
वच्छलाबाई


१९ मार्च २०२४

नीलम,

काल संघपाल रेशनकार्डातून नाव कमी करायला ग्रामपंचायतीत आला होता. कोणाचं नाव, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, "मायचं."

इंदूबाईंना जाऊन दोन महिने झाले. ९ फेब्रुवारीला मी तुला त्यांची तब्येत विचारली, पथ्य सांगितलं, नमस्कार पाठवला. पत्ता लिहून देताना संघपाल काही बोलला नाही. मी त्याला म्हटलं, अरे, मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, "तुमी इचारलं कुठं, बाई?"

गावाला कळू न देता तुम्ही सगळं अकोल्यातच आटोपलंत. तिथल्या विहारातल्या कार्यक्रमाला नाल्यापलीकडच्या तुमच्या पुऱ्यातली माणसं जाऊन आली, हेही मला काल कळलं. आमच्या आळीपर्यंत बातमी आलीच नाही. नाल्याच्या अलीकडून पलीकडे जायला दोन मिनिटं लागतात.

त्यांच्याबद्दल मी काही लिहावं असा माझा अधिकार राहिला आहे की नाही, कळत नाही. एकच लिहिते. पहिल्या वर्षी झेंडूचा रंग बसेना तेव्हा तू रडवेली झाली होतीस. त्यांनी कढईत डोकावून तुला म्हटलं होतं, "पोरी, फूल देवाच्या डोक्यावरून उतरून आलं, त्याले आपल्या कढईत रुळाले टाइम लागन का नाई?" मी मोठ्याने हसले होते. त्या शेडमध्ये मी इतक्या मोठ्याने परत हसल्याचं आठवत नाही.

संस्थेचं उत्तर आलं. नुसतं 'तक्रार मागे' चालणार नाही. तक्रार का केली, ती का मागे घेता, रंगातला फरक कशामुळे, हे कारणांसह हवं. त्यांच्या पौर्णिमा मॅडम मे महिन्यात स्वतः गावात येऊन पाहणी करतील. तुझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. जूनपर्यंत ठेवता येईल, असं फोनवर म्हणाल्या.

म्हणजे अजून वेळ आहे. माझ्याकडून कसर राहणार नाही, एवढं तुला सांगते.

वच्छलाबाई


२२ एप्रिल २०२४

चि. नीलम,

एक चांगली बातमी आहे. तुमच्या पुऱ्यात नळ आला.

बावीसच्या बावीस घरांना तोट्या बसल्या. मी गेला महिनाभर सरपंच पंजाबरावांच्या मागे लागले होते. ते वैतागून म्हणाले, "बाई, तुमाले एकदम काय झालं? इतके दिवस ठीक होतं न." मी त्यांना सोडलं नाही. ठेकेदाराला फोन करवले, नाल्याखालून पाइप टाकायला माणसं आणवली. खोदकामाच्या वेळी उन्हात उभी राहिले. पुंजाजी म्हातारे खाटेवरून मला म्हणाले, "बाई, सावलीत या. पाइप काही पळून जात नाई, इतक्या दिसाचा आलाच नोयता." त्यांच्या सुनेने मला नळाचाच पहिला पेला दिला. गोडं पाणी.

तुमच्या घराला कुलूप आहे, तरी अंगणात तोटी बसवून घेतली.

हापशी काढली. वरचा दांडा आणि खालचे पाइप ठेकेदाराची माणसं घेऊन गेली. नळ झाला की जुनी हापशी बंद करायची असा नियम आहे म्हणे. आता तिथे नुसता सिमेंटचा ओटा आहे. बाया त्यावर वाळवण घालतात.

तुला बरं वाटेल असं वाटलं म्हणून लिहिलं. पत्र लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा वाटलं की नाही वाटणार.

तीनशे ओढण्यांचं काम अजून पडून आहे, कारण मोटर सुरू झाल्यापासून खुशालराव बोअरचं पाणी देत नाहीत. पाहणी १३ मे रोजी आहे. तुलाही संस्थेकडून पत्र येईल. ये. तुझ्यासमोर सांगणं मला सोपं जाईल.

वच्छलाबाई


१४ मे २०२४

नीलम,

तू आली नाहीस. बरं झालं की वाईट झालं, हे तू हे वाचून ठरव. कालचं सगळं क्रमाने लिहिते. काही राहणार नाही असा प्रयत्न करते.

ग्रामपंचायतीच्या खोलीत बसलो होतो. पंजाबराव, ग्रामसेवक, मी, आशाबाई, आणि दाराशी संघपाल. पौर्णिमा मॅडम तिशीच्या असतील, शांत बोलणाऱ्या. आधी शेड पाहिली, मग पुऱ्यात फिरून आल्या. टेबलावर त्यांनी कागद मांडले. माझी तक्रार, ती मागे घेतल्याचं माझं पत्र, आणि तिसरा कागद तुझा होता, नोव्हेंबरातला. तू संस्थेला खुलासा दिला होतास हे मला माहीत नव्हतं. त्यांनी तो वाचून दाखवला. "आमच्या पुऱ्यात नळ नाही. मी हापशीचे पाणी वापरले. ते खारे आहे. माझ्या मते रंगातील फरक पाण्यामुळे पडतो." साध्या चार ओळी. मोटर जळाली म्हणून मला जे फेब्रुवारीत कळलं, ते तू नोव्हेंबरात लिहून दिलं होतंस.

मॅडम म्हणाल्या, "हे पटण्यासारखं आहे. पण मी आत्ताच पाहून आले, पुऱ्यात सगळ्यांकडे नळ आहेत. हापशी तर कुठे दिसली नाही."

पंजाबराव म्हणाले, "नळ तं सगळ्यायलेच हायेत मॅडम. दाखला हाये न आमच्या गावाचा."

ग्रामसेवकाने कपाटातून दाखला काढून दिला. मॅडमनी तारीख वाचली. १ मे २०२३. गावातील शंभर टक्के घरांना नळजोडणी पूर्ण. खाली पाणी समितीच्या अध्यक्षांची सही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, ही सही तुमची. मग ऑगस्टमध्ये नीलम हापशीचं पाणी का वापरेल? घरी नळ असताना?"

संघपाल दारातून म्हणाला, "बाई, सांगा न. एक वाक्य हाये."

मला ते वाक्य पाठ होतं. सकाळपासून मनात घोळत होतं. दाखला दिला तेव्हा पुऱ्यात नळ नव्हता, मी न बघता सही केली. एवढंच. पंजाबराव माझ्याकडे बघतही नव्हते, पंख्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "नळ होते. पाणी कधी यायचं, कधी नाही."

मॅडमनी विचारलं, "म्हणजे होते?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी लिहून घेतलं. आशाबाईने पदर तोंडाला लावला. मॅडम उठल्या तेव्हा संघपाल पुढे झाला आणि म्हणाला, "चला मॅडम, मी सोडतो मूर्तिजापूरले. नाईतं तुमची बस चुकन." आणि त्याने त्यांना गाडीवर बसवून नेलं.

मी 'न बघता सही केली' असं आत्ता वर लिहिलं. तेही खरं नाही. मी बघून सही केली. दाखल्याच्या आदल्या दिवशी मी नाल्यापर्यंत चालत गेले होते. अलीकडे पाइपांचं शेवटचं टोक उघडं पडलं होतं आणि पलीकडे तुझी आई हापशीवर हंडा भरत होती. पंजाबराव म्हणाले होते, "बाई, बावीस घरं महिन्याभरात करून टाकू. तुमची सही झाली म्हणजे कोणी पाह्यला येत नाई." माझ्या सहीवर कोणी शंका घेत नाही, याचा मला अभिमान होता.

आणि जुलैमध्ये तू माझ्या घरी आली होतीस. पायरीवर बसलीस. म्हणालीस, "बाई, डॉक्टर म्हणे, मायले हापशीचं पानी बंद करा. आमच्याकडं नळ कधी येते?" मी म्हटलं, महिन्याभरात. तू रोज शेडच्या नळावरून दोन कॅन नेऊ लागलीस. पुढे मी आशाबाईमार्फत निरोप दिला की शेडचं पाणी घरी नेऊ नये, बाकीच्या बायाही मागतील. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आशाबाईला आठवत असेल.

ऑगस्टच्या त्या बैठकीत मी तुला पुडीबद्दल विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस, तेही फेब्रुवारीच्या पत्रात मी गाळलं. तू म्हणालीस, "बाई, आमच्या पुऱ्यातलं पानी..." एवढंच. मी तुला पुढे बोलू दिलं नाही. "पाण्याचा विषय इथे काढायचा नाही," असं म्हटलं. मला वाटलं, तू सगळ्यांसमोर नळाची गोष्ट काढते आहेस, माझ्या सहीची. तू रंगाबद्दल बोलत होतीस. तुलाही ते त्याच क्षणी सुचत असावं, तुझा चेहरा तसा होता. मी पाणी ऐकलं आणि घाबरले.

एप्रिलमध्ये तुमच्याकडे नळ आणला तो तुमच्यासाठी आणला, असं मी तुला भासवलं. तेव्हा मलाही थोडं तसंच वाटत होतं. पण पाहणीच्या आधी माझी सही खरी व्हावी, यासाठी मी ती घाई केली. सही खरी झाली, आणि तुझा खुलासा खोटा ठरला.

मॅडमचा शेरा आज फोनवर कळला. "अर्जदाराचा खुलासा उपलब्ध कागदपत्रांशी जुळत नाही." जागा दुसऱ्या मुलीला दिली.

हे पत्र मी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहिलं आहे. याचा तुला हवा तसा वापर कर. खाली पूर्ण नाव लिहिते.

वच्छला किसनराव ढोकणे
निवृत्त सहायक शिक्षिका,
अध्यक्ष, पाणीपुरवठा समिती, आसरखेड


२८ जून २०२४

नीलम,

१४ मेचं पत्र लिहून मी आठ दिवस घरातच ठेवलं होतं. मग पाठवलं. तोपर्यंत ती दुसरी मुलगी कामावर रुजू झाली होती, हे मला पाठवण्याआधी कळलं होतं. कळल्यावर पाठवणं सोपं गेलं. हेही तुला माहीत असलेलं बरं.

तू ते पत्र संस्थेला दाखवलं नाहीस. संघपाल भेटला होता. तो म्हणाला, "तिनं वाचलं अन् ठेवून देलं. म्हणे, मायच्या मरणाच्या नावानं मले नोकरी नाई पायजे." तू अकोल्यात कापडाच्या दुकानात लागलीस, हेही त्यानेच सांगितलं. दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या आणि घड्या घालायच्या. रंग पक्का आहे का असं गिऱ्हाइकाने विचारलं की तू "धुऊन पाहा" म्हणतेस, म्हणून मालक चिडतो, असंही हसत सांगत होता. मी हसले नाही. तोही मग थांबला.

शेडचं कळवते. जिथे तुझं काहीच राहिलं नाही, त्या शेडचं तुला काय, असं मनात आलं. तरी कळवते.

खुशालरावांची बोअर मेमध्ये आटली. त्यापुढचं खारं पाणी दीड किलोमीटरवर आहे. मी बायांना म्हटलं, तिथून आणू, तीनशेचंच काम आहे. आशाबाई म्हणाली, "बाई, सारा जनम गेला खारं पानी वाह्यण्यात. आता दारात नळ आला तं पुन्हा डोक्यावर हंडा? अन् तो कायच्यासाठी, तं ओढणी लाल व्हावी म्हून?" शेडच्या विहिरीचं झाकण उघडून पाहिलं. आत वर्षाचा गाळ आणि मेलेली घूस. मग गोड्या पाण्यात पापडखार टाकून पाहिला. रंग लाल झाला, पण ठिकठिकाणी. अकरा ओढण्या डागाळल्या. तू असतीस तर प्रमाण काढलं असतंस.

नंतरच्या शनिवारी आशाबाई मूर्तिजापूरच्या बाजारात गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत काय आहे, असं मी विचारलं नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी घरी जा, ऊन लागते." मी गेले नाही. खुर्चीवर बसून हजेरी लिहिली. पाणी नळाचं होतं. कांद्याच्या साली वरून मूठभर टाकल्या, वास यावा म्हणून. ओढण्या वाळल्या तेव्हा प्रत्येकीला चिठ्ठी लावली. "कांद्याच्या सालींपासून नैसर्गिक रंग." चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं आहे. बायांना माझंच हवं होतं, सुवाच्य आहे म्हणून.

नैसर्गिक रंगाच्या शिक्क्यासाठी नियमाप्रमाणे एक ओढणी संस्थेकडे तपासणीला गेली. त्यांची तपासणी म्हणजे जुन्या नमुन्याशेजारी ठेवून बघायचं आणि एकदा धुवायचं. कागद काल आला. मंजूर आहे. खाली पौर्णिमा मॅडमनी शेरा लिहिला आहे: "रंग सर्वत्र एकसारखा. पूर्वीच्या कामापेक्षा सुधारणा."

वच्छला